लेबलावरची बारीक अक्षरं

५ जानेवारी

फ्रिजचं दार पुसायला घेतलं आणि आतल्या बाटल्या ओट्यावर मावेनात. केचप दोन, एक उघडलेली आणि एक 'असू दे घरात' म्हणून आणलेली. मेयोनेझ. तळाला जेमतेम चमचाभर उरलेला मस्टर्ड सॉस. पीनट बटर, व्हिनेगर, व्हॅनिला, आणि झाकण इतकं चिकटलेलं की उघडेना अशी एक बरणी, जिच्यात काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती तशीच टाकून दिली.

पुसता पुसता मागची लेबलं वाचायला लागले. कपाळावरचा चष्मा खाली घेतला तरी अक्षरं लागेनात, मग मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग आणलं. स्थिरक, इमल्सिफायर, अमुक नंबर, तमुक नंबर. दहा मिनिटांत डोकं तापलं. टोमॅटोच्या केचपमध्ये गम कशाला लागतो? शेंगदाण्याच्या लोण्यात आणखी वेगळं तेल कशाला? नवऱ्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "मग घरी कर." त्याला विषय संपवायचा होता. मला सुरू करायला तेवढं पुरलं.

तर नियम असा: दोन महिने, जी बाटली संपेल ती विकत आणायची नाही. घरी करायची.

रात्री ताईला फोन केला. ताई तीस वर्षं सॉसच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होती, आता निवृत्त आहे. मला वाटलं चिडेल. ती नुसती हसली. "कर की. पण वही ठेव. काय किती घातलंस ते लिही, नाहीतर एकदा जमेल आणि दुसऱ्यांदा का जमलं नाही ते कळणार नाही."

म्हणून ही वही.

पहिली नोंद आजचीच. चार सफरचंदांच्या साली आणि गाभे काचेच्या बरणीत, १ लिटर पाणी, ५० ग्रॅम साखर. साली वर तरंगतात, त्या पाण्याखाली दाबून ठेवायला एक छोटी वाटी. वर सुती फडकं, त्याला रबर. व्हिनेगरला दोन महिने लागतात म्हणे. बरोब्बर.


८ जानेवारी

मेयोनेझ. बलक १, मस्टर्ड १ चमचा (बाटलीतला शेवटचा), लिंबाचा रस १ चमचा, मीठ, तेल १८० मिली.

पहिल्यांदा फाटलं. सगळे सांगतात की तेल थेंबाथेंबाने घाला, आणि आपल्याला वाटतं की म्हणजे बारीक धार. नाही. थेंब म्हणजे थेंब. मी धार धरली, आणि दोन मिनिटांनी वाडग्यात पिवळ्या पाण्यात तरंगणारं तेल होतं, वर दाणे दाणे. नासलेल्या दुधासारखं. हात दुखला तो वेगळाच.

पण ते टाकायचं नसतं, हे आजचं ज्ञान. स्वच्छ वाडग्यात नवा बलक घ्यायचा आणि हे फाटलेलं प्रकरण त्यात तेलासारखंच थेंबाथेंबाने घालत फेटायचं. पहिल्या तीन-चार चमच्यांपर्यंत काहीच घडत नाही. मग एका क्षणी फेटणी जड लागायला लागते. डोळ्यांना काही दिसण्याआधी मनगटाला कळतं. त्यानंतर धार धरली तरी चालते, मिश्रण आपणहून तेल ओढून घेतं.

बलकातलं लेसिथिन तेलाच्या थेंबांना वेढून बसतं आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणजे इमल्सिफायर. म्हणजे तीन दिवसांपूर्वी ज्या शब्दावर मी भडकले होते तोच. पुष्कळ लेबलांवर तर लेसिथिन असं नावानिशी लिहिलेलं असतं. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

चव उत्तम. पण बलक कच्चा, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. तिघांच्या घरात वाडगाभर मेयोनेझ चार दिवसांत संपवणं हे वेगळंच काम आहे.


११ जानेवारी

मस्टर्ड संपला ना, मग आज मोहरी.

मराठीत मोहरी वाटत नाहीत, फेसतात. हा शब्द मी आयुष्यभर वापरत आले आणि त्यात काय दडलंय ते आज समजलं. पाणी न लावता मोहरीची पूड केली तर तिला वास जवळपास नसतोच. जिभेवर ठेवली तर आधी कडवट, मग थोड्या वेळाने चढते, कारण तेवढ्यात थुंकीने ती ओली झालेली असते. दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, एक एन्झाइम आणि एक गंधकयुक्त संयुग. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. आधी नसतो. म्हणजे फेसणं हे नुसतं बारीक करणं नव्हेच.

मी दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत काळी आणि पिवळी मोहरी निम्मी-निम्मी, ३० ग्रॅम पूड. एकीत गार पाणी, दुसरीत उकळतं. दहा मिनिटांनी गार पाण्याच्या वाटीवर नाक नेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मुलगा धावत आला, "आई, काय झालं?" त्यालाही हुंगायला दिलं. (तो आता पुढचे काही दिवस माझ्या हातून काही हुंगणार नाही.) उकळत्या पाण्याची वाटी मात्र गप्प. त्या पाण्याने एन्झाइमच मेलं. राहिला फक्त कडूपणा.

पुढची गंमत म्हणजे हा झणका टिकत नाही, तासा-दोन तासांत उडून जातो. त्याला धरून ठेवायचं तर आंबट घालावं लागतं. व्हिनेगर घातलं की नवा झणका तयार होणं थांबतं, पण झालेला टिकून राहतो. आंबट कधी घालायचं हाच सगळा प्रश्न. ताबडतोब घातलं तर सौम्य, दहा मिनिटांनी घातलं तर झणझणीत. मी दहा मिनिटं थांबून २ चमचे व्हिनेगर, मीठ आणि चमचाभर मध घातला. विकतचं व्हिनेगर. माझं अजून नुसतं सफरचंदाचं पाणी आहे, त्यात कालपासून बुडबुडे यायला लागलेत.

आत्ता चाखलं तर तोंड वाकडं होतं इतकं कडू. ताई म्हणाली फ्रिजमध्ये ठेव आणि आठवडाभर विसरून जा.


१३ जानेवारी

किरकोळ कामं. पिठीसाखर: साखर मिक्सरमधून, त्यात थोडं कॉर्नफ्लोअर, नाहीतर दोन दिवसांत दगड होतो. ब्राउन शुगर: १ कप साध्या साखरेत १ मोठा चमचा मोलॅसिस (साखर करताना उरणारी काळी मळी), हाताने चोळायचं. कारखान्यातही बऱ्याचदा पांढऱ्या साखरेवर मोलॅसिसच चढवतात असं ताईकडून कळलं आणि ब्राउन शुगरबद्दलचा माझा आदर जरा उतरला.

बेकिंग पावडर: खाण्याचा सोडा १ भाग, क्रीम ऑफ टार्टर (हे कोरडं, पुडीतलं आम्ल) २ भाग, कॉर्नफ्लोअर १ भाग. झालं. इतकं सोपं की फसवल्यासारखं वाटलं. केकचं मिश्रण तयार केलं, भांड्यात ओतलं आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. पंचवीस मिनिटं. केक बसला तो बसलाच. ही पावडर ओली झाली की लगेच कामाला लागते आणि वायू सोडून मोकळी होते. विकतच्या पावडरींत बहुधा दोन प्रकारची आम्लं असतात, एक ओलं झाल्यावर जागं होतं आणि दुसरं ओव्हनमध्ये तापल्यावर. दुसरं आम्ल म्हणजे फोन घेणाऱ्या बायकांसाठीची सोय.

व्हॅनिलाही घालून ठेवला. ५ शेंगा मधोमध चिरून २०० मिली व्होडकात. याचंही आठ आठवड्यांचं काम. व्हॅनिलाचं फूल एकच दिवस उमलतं, आणि हाताने परागीकरण करायची सोपी युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधून काढली. जगभरच्या व्हॅनिलाच्या मळ्यांत अजून तीच चालते. माझा मुलगा बाराच वर्षांचा आहे. शेंगा चिरताना सारखं तेच मनात येत होतं.


१८ जानेवारी

केचप. टोमॅटो ३ किलो.

सकाळी सगळे चिरून मोठ्या पातेल्यात ठेवले, मग आंघोळ, डबे, दोन फोन. तासाभराने गॅसवर चढवले. कांदा, लसूण, लवंगा, दालचिनी पुरचुंडीत बांधून. शिजले, मिक्सरमधून काढले, गाळले, आणि मग आटवत बसले. टोमॅटो म्हणजे चौऱ्याण्णव-पंच्याण्णव टक्के पाणीच. हे वाचलेलं होतं, आज ओट्यापाशी उभं राहून भोगलं. अडीच तास. शेवटी शेवटी तो लगदा ज्वालामुखीसारखा फुटायला लागतो, 'फदक्' करून थेंब उडतो तो थेट मनगटावर. कपाटाच्या दारांवर, चिमणीवर, माझ्या चष्म्यावर, सगळीकडे लाल ठिपके. साखर, मीठ आणि व्हिनेगर शेवटी. हाती आलं जेमतेम पाऊण लिटर.

रंग विटकरी, वास घरभर. मी खूश. रात्री मुलाने बशीत घेतलं, बोट लावून चाखलं आणि म्हणाला, "छान आहे. पण हे केचप नाहीये."

मग काय आहे, ते त्यालाही सांगता येईना.


१९ जानेवारी

सकाळी बाटलीत वर दोन बोटं पिवळसर पाणी, खाली लगदा. हलवलं की एक होतं, बशीत घेतलं की पुन्हा पाणी सुटतं. ताईला फोटो पाठवला.

तिचा पहिला प्रश्न: "चिरल्यावर किती वेळ ठेवलेस?"

तासभर.

"मग गेलं की पेक्टिन." टोमॅटो कापला की त्यातलीच एन्झाइमं त्याचं पेक्टिन, म्हणजे रसाला घट्टपणा देणारा पदार्थ, तोडायला लागतात. म्हणून कारखान्यात घट्ट माल हवा असेल तेव्हा टोमॅटो चिरडता चिरडताच नव्वद अंशांच्या वर नेतात, एन्झाइमांना उसंतच द्यायची नाही. कमी तापमानावर केलं तर चव ताजी राहते पण रस पातळ होतो. "तू त्यांना आंघोळ होईपर्यंत मोकळं सोडलंस," ताई म्हणाली. "आणि तो गम असतो ना, ज्याच्यावर तू चिडली होतीस, तो हे पाणी धरून ठेवायला. चिमूटभर लागतो."

झँथन गम हा जिवाणूंना साखर खायला घालून, आंबवून मिळवतात. ते जिवाणू कोबीच्या पानांवर काळा रोग आणणाऱ्या जातीचे. म्हणजे व्हिनेगरसारखाच आंबवण्यातून आलेला पदार्थ. केचपची बाटली हलवली की ते सरसर येतं आणि बशीत पडल्यावर न ओघळता उभं राहतं, त्यातही त्याचा वाटा आहे. माझं केचप उभं राहत नाही, बसतं. मुलाला हेच म्हणायचं असणार.

मला थोडा रागच आला. लेबलाचा नाही, माझाच. मी भिंग घेऊन त्यात चोर शोधत होते.

आज सफरचंदाच्या साली गाळून काढल्या. पाण्याला ताडीसारखा हलका वास. आता नुसतं पाणी बरणीत, वर पुन्हा फडकं. याला हवा लागतेच, हवेशिवाय दारूचं आम्ल होत नाही. झाकण लावायचं नाही, चिलटं आत जाऊ द्यायची नाहीत.


२५ जानेवारी

हे लिहिताना अजून हात जरा थरथरतोय.

फोनवर ताईला सहज सांगत होते की मोहरीचा कडूपणा खरंच गेला, आता तो सॉस इतका सुंदर लागतो की मी तो नुसता चाटते. आणि हो, लसणाचं तेलही केलंय. सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवलीये, दिसतेही किती छान.

ताई एकदम गप्प झाली. मग, "कधी केलंस?"

नऊ दिवस झाले.

"खाल्लंत त्यातलं?"

पहिल्या दोन दिवसांत. मग राहूनच गेलं.

"आत्ताच्या आत्ता टाकून दे. चाखायचं नाही, वास घ्यायचा नाही. मी फोन चालू ठेवते, तू जा." ताई माझ्यावर ओरडल्याचं मला लहानपणानंतर आठवत नाही.

लसूण मातीत वाढतो आणि मातीत बोट्युलिझमच्या, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेच्या, जिवाणूंचे बीजाणू असतात. एरवी ते काही करत नाहीत. पण तेलात बुडवलं की हवा तुटते, लसणाला आंबटपणा नसतो, आणि ओट्यावर छान ऊब. त्यांना हवं ते सगळं मी सजवून दिलं होतं. त्या विषाला वास नसतो, चव नसते, तेल तसंच सोनेरी दिसतं. नुसतं उकळून हे बीजाणू मरतही नाहीत. सामू ४.६ च्या खाली असेल, म्हणजे पुरेसं आंबट असेल, तर ते वाढत नाहीत. म्हणून केचपला आणि मोहरीला ही भीती नाही, लसणाच्या तेलाला आहे. करायचंच तर थोडं करायचं, लगेच फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवायचं. नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायचं.

"घरचं म्हणजे निर्धोक, असं काही नसतं गं," एवढं बोलून तिने आवाज खाली आणला आणि मोहरीत मध किती घातलास ते विचारलं.

लेबलावरच्या 'आम्लता नियंत्रक' या शब्दाकडे मी आजवर काय नजरेने पाहत होते!


२ फेब्रुवारी

लोणी. हे लिहायला काही नाही आणि सांगायला खूप आहे.

३५ टक्के स्निग्धांशाची क्रीम ५०० मिली, मोठ्या बरणीत, बरणी निम्मी रिकामी. क्रीम गार पण बर्फगार नाही. झाकण घट्ट, आणि हलवत बसायचं. मी आणि मुलगा आळीपाळीने. आधी डचमळ ऐकू येते. मग आवाज हळूहळू बुजत जातो आणि एका टप्प्यावर बरणी पूर्ण मुकी होते, आपण कितीही हलवा. फेटलेली क्रीम झालेली असते, काचेला चिकटून. इथे वाटतं की बिघडलं. मुलगा म्हणाला, "थांबूया का?" नाही थांबलो. आणखी चार-पाच मिनिटं आणि अचानक आत 'धप्प' झालं. पुन्हा 'धप्प'. गोळा एकीकडे, ताक एकीकडे. तो ओरडलाच.

दोनशे ग्रॅमच्या आसपास लोणी. बर्फाच्या पाण्यात दाबून दाबून, पाणी निवळशंख येईपर्यंत धुतलं, कारण आत राहिलेलं ताक लोणी लवकर खवट करतं. पैशांच्या हिशेबात हे कुठेच बसत नाही, क्रीम लोण्याहून महाग पडते. पण त्या 'धप्प'साठी मी पुन्हा करणार.


९ फेब्रुवारी

पीनट बटर: भाजलेले दाणे ५०० ग्रॅम, मीठ. मिक्सर तापला म्हणून तीनदा थांबले. आधी कूट, मग ओलसर चुरा, मग भांड्यात गरगरणारा एक हट्टी गोळा, आणि तू जिंकलास असं म्हणून बंद करणार तोच तो सैल पडून वाहायला लागतो. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच. तीन दिवसांनी ते वर येऊन बसलं, बोटभर. विकतच्यात हायड्रोजनेटेड तेल याचसाठी घालतात, ते घट्ट राहतं आणि बाकीच्याला धरून ठेवतं. ते मला तरीही नकोच आहे, मी चमच्याने ढवळीन. पण आता का नको ते माझं मला ठरवता येतं.


१५ फेब्रुवारी

केचप, दुसरी खेप. उकळत्या थोड्या रसात एकेक टोमॅटो चिरून लगेच टाकत गेले, पातेलं कुठेच निवू दिलं नाही. आज पाणी सुटलं नाही. किंवा सुटलं, पण अर्धं बोट. मुलगा म्हणाला, "आता जवळ आलंय." जवळ आलंय याला चार तास लागले.

ताईने विचारलं, पुढच्या महिन्यात पुन्हा करशील? मी खरं ते सांगितलं. नाही. केचप आणि बेकिंग पावडर मी आणणार. मेयोनेझ पाहुणे असतील तेव्हाच. मोहरी आता विकत कधीच नाही.


२ मार्च

व्हिनेगर झालं.

गेले तीन आठवडे वर एक पातळ, दुधी पडदा धरत होता. आधी बुरशी समजून जीव गेला होता, पण बुरशी केसाळ आणि कोरडी असते, हा गुळगुळीत आणि ओला. व्हिनेगरची आई म्हणतात त्याला. आज वास नाकात शिरला तो अस्सल. चमचाभर चाखलं, आंबट, शेवटी सफरचंदाची अगदी पुसट आठवण.

ताईला फोन. तिने अभिनंदन केलं आणि मग यायचा तो प्रश्न आलाच. "किती टक्के?"

मला काय माहीत.

"विकतचं चार-पाच टक्के असतं. तू लिटरमागे पन्नास ग्रॅम साखर घातलीस. सगळं नीट उतरलं तरी तीनच्या आसपास, सालींतली साखर धरून थोडं वर." तेवढ्या आम्लावर टिकाऊ काही करायचं नाही, असं तिने दोनदा बजावलं. सॅलडवर घाल, हवं तेवढं.

गाळून बाटलीत भरलं. दोन महिन्यांत घरी इतक्या बिननावाच्या बाटल्या झाल्यात की नवऱ्याने परवा व्होडकातला व्हॅनिला खोकल्याचं औषध समजून चमच्यात ओतला होता. म्हणून मुलाकडून चिकटपट्टीचा कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. सफरचंदाचं व्हिनेगर. साहित्य: सफरचंदाच्या साली, पाणी, साखर. ५ जानेवारीला घातलं, २ मार्चला गाळलं. आम्ल अंदाजे ३ टक्के. फक्त सॅलडसाठी. टिकवायच्या लोणच्यात किंवा सॉसमध्ये वापरू नये. पडदा दिसल्यास घाबरू नये, गाळून घ्यावं. लसूण घालून ठेवू नये.

मुलगा खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "आई, अक्षर केवढं बारीक काढलंयस."

जागाच पुरेना.